भुंगा उडतो, कारण पंख फिरतो

शास्त्राच्या हिशेबानं भुंग्याला उडता येत नाही, पण त्याला ते ठाऊक नसल्यामुळे तो उडतो, असं प्रेरणादायी व्याख्यानांत हमखास ऐकवलं जातं. या कथेचं मूळ शोधताना बहुतेक वेळा आँत्वान मान्याँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाच्या 1934 सालच्या कीटक-उड्डाणावरील पुस्तकाकडे बोट दाखवलं जातं. त्यातलं गणित आकडेमोडीत चुकलेलं नव्हतं, त्याचं गृहीतक तोकडं होतं. विमानाचा ताठ पंख एकाच वेगानं सरळ पुढं जातो, तसाच कीटकाचाही जातो असं धरलं, तर उचल अपुरीच निघणार. तेव्हा प्रश्न भुंग्याच्या अज्ञानाचा नाही. सरळ जाणारा पंख आणि खांद्याभोवती फिरणारा पंख यांच्याशी हवा एकसारखी वागते का, हा खरा प्रश्न आहे.

विमानाचा पंख साधारण 15 अंशांपलीकडे तिरका केला की वरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते आणि पुढच्या कडेशी भोवरा तयार होतो. भोवऱ्याच्या पोटात दाब कमी असतो, म्हणून क्षणभर उचल चांगलीच वाढते. पण पंख स्वतःच्या रुंदीच्या काही पट अंतर जातो न जातो तोच भोवरा मागं निसटतो आणि उचल कोसळते. वैमानिक यालाच स्टॉल म्हणतात. कीटक मात्र 40 अंशांच्या आसपासच्या तिरपेपणावर बिनदिक्कत उडतात. केंब्रिजच्या चार्ल्स एलिंग्टन यांच्या गटानं 1996 मध्ये याचं कारण धुरातून डोळ्यांना दाखवलं. हॉकमॉथ हा पतंग सेकंदाला सुमारे 25 वेळा पंख मारतो. त्याची दहापट मोठी यांत्रिक प्रतिकृती बनवली आणि हवेचं वागणं तेच राहावं म्हणून तिची चाल तीन सेकंदांना एक फडफड इतकी मंद ठेवली. पुढच्या कडेतून सोडलेला धूर त्या कडेवरच पिळासारखा गुंडाळत गेला. खांद्याशी बारीक, टोकाकडे जाडजूड होत जाणारा हा भोवरा पंख खाली येईपर्यंत जागचा हलला नाही.

तो निसटत का नाही? सोपं उत्तर असं, की निसटायला वेळच मिळत नाही, त्याआधी पंख उलट फिरतो. हे खरं असतं तर फडफड अनिवार्य ठरली असती. पण डेव्हिड लेंटिंक आणि मायकेल डिकिन्सन यांनी 2009 मध्ये माशीच्या पंखाची प्रतिकृती न थांबता एकाच दिशेनं गोल फिरवली, तरी भोवरा चिकटून राहिला. तोच पंख सरळ रेषेत ओढला, तेव्हा सुटला. त्याच वर्षी मेपलच्या गिरक्या घेत पडणाऱ्या बियांवरही असाच भोवरा दिसला. बीला ना स्नायू, ना फडफड. आपल्याकडे रस्त्याकडेच्या महोगनीचं एकपंखी बीही असंच भिरभिरत खाली येतं. माझ्या मते यानं वादाचा कल स्पष्ट होतो: फिरत्या पंखावरच्या हवेलाही वळत जावं लागतं आणि त्या वळण्यातून येणारी त्वरणंच भोवऱ्याला धरून ठेवतात.

यावर पहिला आक्षेप असा, की खांद्याकडून टोकाकडे वाहणारी हवा भोवऱ्याचा जोर सतत उपसून नेते, म्हणून तो फुगून सुटत नाही. एलिंग्टन यांचा कल याच बाजूला होता. पण 2001 मध्ये फळमाशीच्या आकारमानाला जुळवलेल्या प्रतिकृतीवर आडवे अडसर लावून हा प्रवाह रोखला, तरी भोवरा सुटला नाही. मोठ्या पतंगात तो प्रवाह बराच जोरकस असतो, त्यामुळे हा मुद्दा पूर्ण निकालात निघाला असं म्हणणं घाईचं होईल. दुसरा आक्षेप जास्त टोकदार: हेलिकॉप्टरचं पातंही फिरतंच की, मग त्याला स्टॉल का होतो? कारण ते लांबलचक असतं. टोकाशी वळण इतकं सौम्य होतं की ते पातं जवळजवळ सरळ चालल्यासारखंच असतं. कीटकाच्या पंखाची लांबी रुंदीच्या जेमतेम तीन-चार पट. आणि कॉन्कॉर्ड विमान पंख न फिरवताही कडेवरच्या भोवऱ्यांवर उतरायचंच, पण ती किमया मागं झुकलेल्या त्रिकोणी पंखांची.

मग कीटक पंख मागंपुढं का हलवतात, सरळ गरगर का फिरवत नाहीत? संग्रहालयातल्या 12 जातींच्या हमिंगबर्डचे पंख 2014 मध्ये यंत्रावर गोल फिरवून पाहिले, तेव्हा त्यांतला सर्वांत सरस पंख एका तळहाताएवढ्या हेलिकॉप्टरच्या पात्याच्या तोडीचा भरला. म्हणजे गरगर फिरण्यात हवेच्या बाजूनं काही अडचण नाही. अडचण सांध्यात आहे. स्नायू आणि नसांनी शरीराला जोडलेला पंख पूर्ण फेरा घेऊच शकत नाही. अर्धा फेरा झाला की त्याला उलटावं लागतं, भोवरा टाकून द्यावा लागतो आणि परतीच्या वाटेवर नवा उभा करावा लागतो.