चेक इंजिन लाइट लागला, पिकअप गेला? कॅमशाफ्ट सेन्सर बदलण्याआधी हे वाचा

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतून काटई-बदलापूर रस्त्याला लागलात. पुढे ट्रक आहे. ओव्हरटेकसाठी ॲक्सिलरेटर दाबला, पण गाडी ओढतच नाही आणि चेक इंजिन लाइट लागलेला. गॅरेजमध्ये स्कॅनरवर ‘कॅमशाफ्ट’ हा शब्द दिसतो आणि लगेच सल्ला मिळतो, ‘सेन्सर बदलून टाका.’ थांबा! दोष सेन्सरचाच असेल असं नाही.

टायमिंग म्हणजे काय?

पिस्टन क्रँकशाफ्टला जोडलेले असतात, तर व्हॉल्व्हची उघडझाप कॅमशाफ्ट करतो. क्रँकशाफ्टचे २ फेरे झाले की कॅमशाफ्टचा १ फेरा. हा मेळ टायमिंग बेल्ट किंवा चेन राखते. चेन सैल झाली किंवा बेल्ट एक दात सरकला, तर व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात.

आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत व्हीव्हीटी असतं. त्यात इंजिन ऑइलच्या दाबाने कॅमशाफ्टचा कोन बदलतो. त्यामुळे ऑइल कमी किंवा घाण असलं, तरी टायमिंग बिघडतं.

कोड काय सांगतो?

- पी०३४०: कॅमशाफ्ट सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगचा सिग्नल नीट येत नाही.
- पी००११: कॅमशाफ्ट हवा त्यापेक्षा पुढे गेलाय. आधी ऑइल आणि व्हीव्हीटीचा सोलेनॉइड तपासा.
- पी००१६: क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. चेन, बेल्ट, टेन्शनरवर संशय.

कोड फक्त दिशा दाखवतो. खात्री करायला टेस्ट ड्राइव्ह लागते.

टेस्ट ड्राइव्ह कशी करतात?

आधी ऑइलची पातळी बघा. मग थंड इंजिन सुरू करून आवाज ऐका. इंजिन पूर्ण गरम झालं की रस्त्यावर निघा. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघायचा. कॉम्प्युटरने मागितलेला कोन आणि प्रत्यक्षातला कोन, हे दोन आकडे महत्त्वाचे. आधी सपाट रस्त्यावर एका वेगात आणि मग चढावर जोर देऊन पाहा.

- जोर दिल्यावर प्रत्यक्ष आकडा मागे पडून उशिरा जुळला, तर ऑइल किंवा सोलेनॉइड.
- आयडलिंगपासून प्रत्येक वेगात तेवढाच फरक राहिला, तर चेन सैल किंवा दात सरकलेला.
- गाडी गरम झाल्यावर सिग्नल अचानक गायब झाला, तर सेन्सर किंवा वायरिंग.

गाडी रस्त्यावर काढूच नका, जर…

चेनचा खडखडाट सतत येत असेल, ऑइलचा लाल दिवा लागला असेल किंवा चेक इंजिन लाइट लुकलुकत असेल, तर टेस्ट ड्राइव्ह नको. बऱ्याच इंजिनांत टायमिंग सुटलं की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतो. मग चेनचं काम हेड उघडण्यापर्यंत जातं. अशी गाडी टो करूनच न्या.

पुढच्या वेळी ‘सेन्सर बदला’ असं ऐकलंत, तर मेकॅनिकला एवढंच विचारा: ‘गाडी चालवताना दोन्ही आकडे पाहिलेत का?’