नव्या घराची बाग व खारें पाणी
विंधण घेतली, नळ्या पुरल्या, कीं नव्या घराच्या बागेची सोय झाली असें पुष्कळांस वाटतें. बुलढाणा जिल्ह्यांत घाटाखालीं, शेगांव, संग्रामपूर, जळगांव-जामोदकडील खारपाणपट्ट्यांत मात्र नळीच्या आधीं पाण्याची परीक्षा करवून घ्यावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. तेथील भूगर्भजलांत सोडियमचे क्षार फार. तें पाणी काळ्या चिकण मातीस वारंवार दिल्यास माती घट्ट बसते, ओल मुरेनाशी होते व लिंबाचीं पानें कडांनीं करपतात. ठिबकचीं छिद्रेंहि बुजतात.

यास्तव पावसाच्या पाण्याचा हौद पायाबरोबरच आंखावा. मागाहून अंगण फोडणें जिवावर येतें. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर पाणी. 500 मिलिमीटरांत 50,000 लिटर. कांहीं वायां जाईल तें वेगळें. सगळें सांठविण्याची हांव नको. 10,000 लिटरांचा झांकलेला हौद दहा झाडांस, प्रत्येकीं रोज दहा लिटर दिल्यास, शंभर दिवस पुरतो. पहिल्या सरीचें धुळकट पाणी बाहेर सोडावें. हौदास मार्चपूर्वीं हात लावूं नये. तोंवर न्हाणीचें पाणी केळीस व अळूस द्यावें, धुण्याच्या सोड्याचें मात्र नको.