भंगारातली जीप, हमीद यांची तोफ

खेळण्यातलं लष्कर बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं तरी असतं. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५९ साली बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक बाजारात आणले. त्यानंतर निरनिराळ्या कंपन्यांच्या पेट्यांतून इंग्रज, जर्मन, अमेरिकन, नेपोलियनचे फ्रेंच असे सैनिक निघत राहिले. आपला जवान हवा असेल तर तो बहुधा हातानेच घडवावा लागतो. एकाचं धड, दुसऱ्याचं डोकं, तिसऱ्याची बंदूक घ्यायची आणि पेटीत नसलेला माणूस उभा करायचा. म्हणूनच हा नाद असलेली मंडळी उरलेला एकही तुकडा टाकत नाहीत.

आमच्या घरातही सुट्या भागांनी भरलेला बिस्किटांचा एक जुना डबा आहे. अम्मीच्या लेखी ते भंगार. त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलिज जीपची प्रतिकृती पडून होती, खऱ्या जीपच्या एक-पस्तीसांश मापाची. काच फुटलेली, मागचं सीट गायब. तिच्यातून आम्ही अब्दुल हमीद यांची जीप करायचं ठरवलं.

हमीद गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, शिंपीकाम करणाऱ्या घरातले. १९६५ च्या युद्धात ते ४ ग्रेनेडियर्समध्ये कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते. पंजाबातल्या खेमकरण भागात, चीमा गावाजवळ, त्यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले आणि १० सप्टेंबरला तिथेच शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. २००० साली टपाल खात्याने काढलेल्या तीन रुपयांच्या तिकिटावर त्यांच्यासोबत ही जीपही आहे.

आता तोफ. तिला १०६ मिलिमीटरची म्हणतात, पण नळीचं तोंड प्रत्यक्षात १०५ मिलिमीटरचं. पस्तिसाने भागलं की ३ मिलिमीटर. बॉलपेनची रिकामी रिफील साधारण तेवढ्याच जाडीची! उरलेली शाई स्पिरिटने धुऊन काढली. रिफीलच्या प्लास्टिकवर रंग टिकत नाही आणि मॉडेलचा नेहमीचा गोंदही धरत नाही. जुन्या मऊ सैनिकांचीही हीच रड असते. म्हणून पतंगाच्या कागदाची पट्टी फेव्हिक्विक लावून तिच्यावर गुंडाळली. मागच्या बाजूला जास्त फेरे दिले, कारण खरी तोफ तिथे फुगीर असते. नेम बरोबर लागतो का हे आधी पाहण्यासाठी या तोफेच्या पाठीवर एक लहान बंदूक असते. तिला डब्यातल्या मोडक्या मशीनगनची नळी कामी आली. खालची तिपाई उरलेल्या प्लास्टिकच्या काड्यांची. (फेव्हिक्विक लहान मुलांच्या हाती देऊ नका. बोटं चिकटतात, आणि मग घरात जो गोंधळ होतो तो विचारू नका.)

तोफ जीपवर ठेवली आणि आम्ही बघतच राहिलो. खरी तोफ सुमारे ३.४ मीटर लांब, जीपही जवळपास तेवढीच. मापात दोन्ही दहा सेंटिमीटरच्या आतबाहेर. पुढे नळी बॉनेटवरून गेली, मागचं टोक जीपबाहेर आलं, फुटकी काच काढूनच टाकावी लागली. एवढी मोठी तोफ एवढ्या हलक्या गाडीवर चालते, कारण गोळा सुटताना मागून वायूही सुटतो आणि धक्का जवळजवळ उरत नाही. पण त्याच वायूने मागे धूळ उडते आणि तोफ कुठे आहे ते शत्रूला दिसतं. म्हणून गोळा डागला की लगेच जागा बदलायची. चिलखताचा तुकडा मात्र डब्यातून एकही काढावा लागला नाही, कारण जीपला चिलखत नव्हतंच. नुसते पातळ पत्रे, तेही कमरेच्या खाली. समोरचा पॅटन सुमारे ४५ टनांचा. हे आम्ही अनेकदा वाचलं होतं, पण जीप तळहातावर घेतल्यावर त्याचा अर्थ लागला.

माणसाची आकृती बसवायची की नाही, यावर घरात चर्चा झाली. दादीअम्मींना मूर्ती नको होती, भाईजानला हमीद हवे होते. शेवटी दादीअम्मींचं ऐकलं आणि सीट रिकामं ठेवलं. तुमच्या घरात हरकत नसेल तर डब्यातला एखादा ड्रायव्हर घ्या, पेटीतला अमेरिकन चेहरा तेवढा बदला.

रंग फौजी हिरवा दिला. धूळ म्हणून पिवळ्या खडूची पूड ब्रशने फासली. चाकांवर थोडी, तोफेच्या मागे जास्त.