धोक्याचा आकडा ठरतो कसा?

पूर आला की गाव कधी हलवायचे, रुग्णाला रक्त कधी चढवायचे, घरातली वीज कधी तोडायची? या प्रत्येक निर्णयामागे आधीच ठरवून ठेवलेला एक आकडा असतो आणि त्या आकड्यामागे चुकांचा हिशोब असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी चढू लागले की सांगलीत ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती फूट?’ आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेसाठी हेच आकडे ३९ आणि ४३ फूट आहेत. नदीच्या लेखी साडेचव्वेचाळीस आणि पंचेचाळीस फुटांत काहीच फरक नसतो. ती आपल्या गतीने चढत असते. फरक माणसांना पडतो. काठच्या वस्त्या कधी रिकाम्या करायच्या, बोटी कधी मागवायच्या, यावर ऐन पुरात वाद घालत बसायला वेळ नसतो. म्हणून डोके शांत असताना आकडा ठरवून ठेवायचा आणि तो ओलांडला की कामाला लागायचे.

पण आकडा नेमका कुठे ठेवायचा? फार खाली ठेवला तर दर पावसाळ्यात लोकांना विनाकारण घर सोडावे लागेल आणि दोन-चार वर्षांत इशाऱ्याकडे कुणी लक्षच देणार नाही. फार वर ठेवला तर बाहेर पडायची वाटच पाण्याखाली जाईल. एक चूक नाहक धावपळीची, दुसरी वेळ हुकल्याची. आकडा खाली-वर करून यातली एक चूक कमी केली की दुसरी वाढते. दोन्ही एकदम कमी करायच्या असतील तर मोजमापच सुधारावे लागते. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावरचा ठिपका शत्रूचे विमान आहे की नुसता गोंधळ, हे ठरवताना अभियंत्यांपुढे हाच पेच होता. त्यातून या दोन चुका एकमेकींसमोर मांडणारा जो आलेख जन्माला आला, तोच आज रक्ताच्या एखाद्या नव्या तपासणीचा कस पाहायला वापरतात.

रक्त कधी चढवायचे?

वैद्यकातले एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. १९४२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले भूलतज्ज्ञ जॉन लंडी आणि त्यांच्या सहकाऱ्याने सुचवले की, शस्त्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिन १० ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त द्यावे. हा अनुभवावर आधारलेला सल्ला होता. तो पुढे अनेक दशके नियमासारखा पाळला गेला. १० हा आकडा सोपा, लक्षात राहणारा. रक्त दिल्याने भलेच होणार, ही समजूतही पक्की.

त्याची खरी परीक्षा १९९९ मध्ये झाली. कॅनडातल्या संशोधकांनी अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले की रक्त दिले, दुसऱ्या गटासाठी ७ पर्यंत थांबले. तीस दिवसांत पहिल्या गटातले २३.३ टक्के रुग्ण दगावले, तर थांबलेल्या गटातले १८.७ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही. पण थांबल्याने नुकसान होत नाही, हे दिसले. शिवाय रक्त निम्म्याहून कमी लागले. सरासरी ५.६ पिशव्यांच्या जागी २.६ पिशव्या. त्यानंतर जगभर ७ हा आकडा रुजला.

मग ७ हेच अंतिम सत्य मानायचे का? तसेही नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या आणि रक्त कमी असलेल्या साडेतीन हजार रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उशिरा रक्त दिलेल्या गटात मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण १६.९ टक्के होते, तर १० चा आकडा पाळलेल्या गटात १४.५ टक्के. हा फरकही निर्णायक नव्हता. पण कौल उलट्या बाजूला झुकणारा होता. ज्या हृदयालाच प्राणवायू कमी पडतो आहे, त्याला थांबणे कदाचित परवडत नसावे. म्हणजे कुणासाठी ठरवला, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

या विचाराला गणिताची शिस्त लावली ती बोस्टनच्या स्टीफन पॉकर आणि जेरोम कॅसिरर या दोन डॉक्टरांनी, १९७५ मध्ये. त्यांचे सूत्र साधे आहे. उपचाराचा फायदा त्याच्या अपायाच्या नऊपट असेल, तर आजाराची शक्यता दहा टक्के असली तरी उपचार सुरू करावा. फायदा आणि अपाय सारखेच असतील, तर निम्म्याहून जास्त खात्री हवी. जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा दाट संशय आला की डॉक्टर अहवालाची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करतात आणि कॅन्सरची केमोथेरपी मात्र तुकडा तपासल्याशिवाय सहसा सुरू करत नाहीत, त्याचे कारण हेच.

टाकून दिलेल्यावरही नजर

हाच पेच भौतिकशास्त्रातही आहे. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर घेराच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रात प्रोटॉनचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा समोरासमोर येतात. ही सगळी माहिती साठवणे अशक्य असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या सीएमएस या प्रयोगात इलेक्ट्रॉनिक्सची पहिली चाळणी सुमारे चार मायक्रोसेकंदांत निर्णय घेते आणि सेकंदाला लाखभर घटना पुढे पाठवते. दुसरी चाळणी संगणकांची; तिच्यातून हजारभर उरतात. बाकीच्या कायमच्या जातात.

इथे आकडा असतो ऊर्जेचा आणि संवेगाचा. तो खाली ठेवला तर नेहमीच्या, माहितीतल्या घटनांचा पूर येतो. वर ठेवला तर ज्यासाठी एवढा खटाटोप, तो दुर्मीळ कणच निसटतो. म्हणून म्यूऑन हा कण एकटाच दिसला तर आकडा चढा ठेवतात. दोन म्यूऑन एकदम दिसले तर तो उतरवतात, कारण दोन पुरावे एकत्र मिळणे हेच मुळात दुर्मीळ. शिवाय आकड्याखालच्या घटनांतलीही ठरावीक हिश्शाने एखादी मुद्दाम राखून ठेवतात. टाकाऊ म्हणून जे फेकले, त्यात कामाचे काही गेले का, हे त्यावरून तपासता येते. घोषणेसाठीची अट तर आणखी कडक. निव्वळ योगायोगाने असे दिसण्याची शक्यता ३५ लाखांत एक इतकी कमी असेल, तरच ‘शोध’ म्हणायचे. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनसारख्या नव्या कणाची घोषणा झाली, ती या कसोटीला उतरल्यावरच.

तीस मिलिअँपिअर

आता आपल्याच घराच्या मीटरपाशी येऊ. तिथला एमसीबी तारा आणि वायरिंग वाचवतो, माणूस नव्हे. १६ अँपिअरचा एमसीबी १६ हजार मिलिअँपिअरपर्यंत गप्प बसतो; माणसाचा जीव जायला शंभरही पुरतात. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढेच तो पाहतो. तफावत असेल तर वीज कुठेतरी झिरपते आहे. कदाचित कुणाच्या शरीरातून. घरगुती आरसीसीबीचा आकडा ३० मिलिअँपिअर. शंभर वॉटचा बल्ब सुमारे ४३० घेतो, यावरून तो किती लहान आहे ते लक्षात यावे. ३० मिलिअँपिअर गळतीला ०.३ सेकंदाच्या आत वीज तुटलीच पाहिजे आणि १५ मिलिअँपिअरपर्यंत तुटता कामा नये, असे मानक सांगते.

आकडा आणखी खाली का नाही? कारण फ्रिज, संगणक, वॉशिंग मशीन यांतून थोडी गळती होतच असते. पावसाळ्यात ओलसर बोर्ड आणि जुना गिझर त्यात भर घालतात, सगळ्यांची बेरीज होते आणि आरसीसीबी रात्री-अपरात्री पडतो. मग वैतागून लोक तो ‘बायपास’ करून टाकतात. नाहक इशाऱ्यांची सर्वांत मोठी किंमत हीच आहे. त्यांच्यापायी खरा इशाराही बंद पडतो. योग्य उपाय म्हणजे गळती शोधणे आणि घराचे सर्किट विभागून प्रत्येकाला वेगळा आरसीसीबी बसवणे.

मोजणारे यंत्रच बिघडले तर? तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या ज्या प्रकारच्या आहेत, त्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत धोक्याचे मोजमाप तीन स्वतंत्र साखळ्या करतात. तिघींपैकी दोघींनी कौल दिला की भट्टी बंद. एक सेन्सर नादुरुस्त झाला तरी भट्टी उगाच थांबत नाही आणि थांबायची तेव्हा अडतही नाही. याउलट बोईंग ७३७ मॅक्स विमानांचे नाक खाली ढकलणारी यंत्रणा एकाच सेन्सरवर विसंबून होती. २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि २०१९ मध्ये इथिओपियात झालेल्या दोन अपघातांत मिळून ३४६ माणसे गेली.

चांगला आकडा कसा ओळखावा, हे या सगळ्यातून स्पष्ट होते. तो ठरवताना दोन्ही चुकांची किंमत मांडलेली असते, तो कुणासाठी हे सांगितलेले असते आणि नवा पुरावा आला की तो बदलायची तयारी असते. २०१९ च्या महापुरात आयर्विनजवळचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. वस्त्या वाढत असताना आणि पाऊस बदलत असताना इशाऱ्याचे आकडेही वेळोवेळी तपासले जावेत, अशी मागणी करण्याचा अधिकार काठावरच्या प्रत्येकाला आहे.

आणि आपल्यापुरत्या दोन गोष्टी तर आजच करता येतील. रक्ताच्या अहवालात एखादा आकडा ठळक छापून आला, तर घाबरण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘ही मर्यादा माझ्या वयाला आणि माझ्या आजाराला लागू आहे का? काही केले नाही तर काय होईल?’ दुसरे, घरातल्या आरसीसीबीवरचे ‘टी’ लिहिलेले बटण दाबून पाहा. वीज लगेच गेली तर तो काम करतो आहे. गेली नाही, तर उद्याच इलेक्ट्रिशियनला बोलवा.