बालप्रेक्षक आणि वन्यजीवनाचे अनुबोधपट

मंगळवार पेठेतील एखाद्या घरात तीनचार वर्षांचे मूल आजोबांच्या शेजारी बसून आफ्रिकेतील सिंहाने केलेली शिकार पाहत आहे, हे दृश्य आज नवलाचे राहिलेले नाही. अशा वेळी मुलाच्या मनात दोन प्रश्न उद्भवतात : सिंह पेटीतून बाहेर येईल काय, आणि हरिण खरोखर मेले काय? पहिला प्रश्न चित्राच्या स्वरूपाविषयीचा, तर दुसरा जीवनाच्या स्वरूपाविषयीचा आहे. या दोहोंची गल्लत होऊ न देणे हे सोबत बसलेल्या प्रौढाचे कार्य होय. त्यावाचून अनुबोधपट लहान मुलास फारसे शिकवू शकत नाही, असे येथे प्रतिपादावयाचे आहे.

पहिल्या प्रश्नाचा विचार मानसशास्त्राने प्रयोगाने केला आहे. जॉन फ्लेवेल व त्यांचे सहकारी यांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. दूरचित्रवाणीवर लाह्यांनी भरलेले भांडे दाखवून, संच उलटा केल्यास लाह्या सांडतील काय, असे त्यांनी मुलांना विचारले. तीन वर्षांच्या मुलांचा कल होकाराकडे होता. चार वर्षांच्या मुलांचा तसा नव्हता. ट्रोसेथ आणि डीलोश यांच्या १९९८ मधील प्रयोगात शेजारच्या खोलीत खेळणे लपविण्यात आले. ती कृती खिडकीतून पाहणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांना खेळणे सहज सापडले. तीच कृती पडद्यावर पाहिलेल्यांपैकी अनेकांना ते सापडले नाही. पडद्यावरील माहिती प्रत्यक्ष जगास लागू आहे, हे ज्ञान उपजत नसून ते हळूहळू येते, असा याचा अर्थ होतो.

त्यातच अनुबोधपट म्हणजे निसर्गाचे निव्वळ प्रतिबिंब नव्हे. दुरून टिपलेल्या दृश्यास पुष्कळदा मागाहून ध्वनी जोडतात. निरनिराळ्या वेळी घेतलेली दृश्ये सांधून एक कथा रचतात. डिस्ने संस्थेच्या १९५८ मधील ‘व्हाइट विल्डरनेस’ या चित्रपटातील लेमिंग प्राण्यांची सामूहिक आत्महत्या चित्रणासाठी घडवून आणलेली होती, हे १९८२ मध्ये कॅनडातील दूरचित्रवाणीने उघडकीस आणले. ज्या कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, तेथील आजोबांना पडदा रचलेला असतो हे निराळे सांगावयास नको. मुलास मात्र ते सांगावे लागते : ‘हे कुणीतरी दूर उभे राहून टिपले आहे.’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळणे इष्ट नाही. हरिण मेले, असेच म्हणावे. पण सिंहास दुष्ट ठरवू नये. त्याला गवत पचत नाही आणि त्याच्या पिलांनाही भूक असते, एवढे कारण बालबुद्धीस पुरेसे होते. मूल भ्याले तर संच बंद करून त्यास जवळ घ्यावे; दृश्य पूर्ण करण्याचा आग्रह धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर दिवसाकाठी एका तासाहून अधिक बसू नये. वेळ त्याहून कमी असणे चांगलेच.

यानंतरचे पाऊल पडद्याबाहेरचे आहे. चित्ता दिसताच मूल ‘आपल्याकडे आहे का?’ असे विचारील. संस्थानी काळी कोल्हापूर दरबारात आफ्रिकेतून आणलेले चित्ते पाळीत, चित्तेवान त्यांना शिकवीत आणि त्यांच्याकरवी काळविटांची शिकार होई. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि २०२२ मध्ये नामिबियातील चित्ते कुनो येथे आणले गेले, हे मुलास गोष्टीच्या रूपाने सांगता येते. गव्याची गोष्ट तर याहून निकटची आहे. १९५८ साली घोषित झालेले राधानगरी अभयारण्य याच जिल्ह्यात असून गवे कधीकधी वस्तीपर्यंत येतात. पडद्यावरील गवा निरुपद्रवी वाटतो. शेतातील गव्यापासून दूर राहावे लागते. हा भेद मुलास वेळीच कळणे हा केवळ अभिरुचीचा नव्हे, सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

तात्पर्य, अनुबोधपटाचे शैक्षणिक मूल्य चित्रफितीत जितके, तितकेच शेजारच्या संवादात असते. पालकांच्या संमतीने हा संवाद मराठी घरांत नोंदवून त्याचे विश्लेषण करणे, हा पदव्युत्तर अभ्यासकांस उत्तम विषय ठरेल.