पोटाचे व्यायाम आणि पोटावरची चरबी

पोट सुटले की पोटाचे व्यायाम करावेत, हा सल्ला आपल्याकडे इतक्या सहजपणे दिला जातो की त्याची शहानिशा करण्याची गरज कोणाला वाटत नाही. सुताराने रंधा ज्या जागी चालवावा त्याच जागचे लाकूड झिजते. तेव्हा ज्या अवयवाला श्रम द्यावेत तेथलीच चरबी झडणार, असा हा साधा हिशेब आहे. म्हणून उताणे पडून धड उचलण्याचा व्यायाम, ज्याला आपण सिट-अप्स म्हणतो, तो कोणी शंभर करतो, कोणी दोनशे. महिन्याने पोटाचे स्नायू दुखायचे थांबतात, पण पँटचे बटण मात्र पूर्वीइतकेच कुरकुरते. असे का व्हावे?

याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. पोटाचे स्नायू ही एक गोष्ट आणि त्यांच्यावर, त्वचेखाली पसरलेला चरबीचा थर ही दुसरी. दोघे शेजारी असले तरी त्यांच्यात थेट देवघेव नाही. चरबी मेदपेशींमध्ये ट्रायग्लिसराइड या रूपाने साठवलेली असते, आणि तशीच्या तशी ती स्नायूला वापरता येत नाही. श्रम सुरू झाले की ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरके रक्तातून सर्व शरीरभर फिरतात. त्यांच्या प्रभावाने मेदपेशींतील साठा फुटतो, त्यातून मेदाम्ले आणि ग्लिसरॉल मोकळी होतात आणि रक्तात मिसळतात. राबणारा स्नायू आपल्याजवळून वाहणाऱ्या रक्तातून ती मेदाम्ले उचलतो. शेताला पाटाचे पाणी मिळते, पण ते कोणत्या ओढ्यातून धरणात आले होते याची शेताला खबर नसते. तसाच हा प्रकार. पोटाच्या स्नायूने जाळलेली चरबी मांडीवरची असेल, पाठीवरची असेल, थोडीशी पोटावरचीही असेल. कोठला साठा आधी उतरावा आणि कोठला शेवटपर्यंत ठाण मांडून बसावा, हे आनुवंशिकता, स्त्री-पुरुष भेद, वय यांवर ठरते. तेथे आपली इच्छा विचारली जात नाही.

नुसत्या तर्कावर विसंबू नये म्हणून काही प्रयोगांची माहिती देतो. 1971 साली अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजण्यात आले. ही युक्ती मला फार आवडते, कारण टेनिसपटूचा एक हात वर्षानुवर्षे राबतो आणि दुसरा त्या मानाने आराम करतो. तुलनेसाठी दुसरा माणूस शोधण्याचे कारणच उरत नाही. खेळणारा हात स्नायूंमुळे घेराने मोठा भरला, पण त्वचेखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांवर सारखीच निघाली. पुढे 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेरा तरुणांनी 27 दिवसांत प्रत्येकी 5004 सिट-अप्स काढल्या. आधी आणि नंतर त्यांच्या पोटावरून, पाठीवरून आणि नितंबावरून सुईने चरबीचे कण काढून तपासले. मेदपेशी किंचित लहान झाल्या होत्या, पण तिन्ही ठिकाणी सारख्याच. पोटाला विशेष सवलत मिळाली नव्हती. 2011 साली आणखी एक प्रयोग झाला. त्यात सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस केवळ पोटाचे व्यायाम करून घेतले. पोटाच्या स्नायूंचा दम वाढला, पोटावरची चरबी होती तेवढीच राहिली.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राबणाऱ्या स्नायूच्या लगतच्या चरबीत रक्तप्रवाह थोडा वाढतो आणि तेथला साठा जरा अधिक फुटतो, असे कोपनहेगनच्या संशोधकांना 2007 मध्ये आढळले. 2023 साली नॉर्वेतील संशोधकांनी तर, दीर्घकाळ चालणारे पोटाचे व्यायाम करणाऱ्या स्थूल पुरुषांची धडावरची चरबी धावणाऱ्यांपेक्षा थोडी अधिक घटली, असे प्रसिद्ध केले. म्हणजे दार अगदीच बंद नाही. परंतु हा फरक किलोभराच्याही आतला होता आणि व्यायाम बराच वेळ, दमश्वास लावून करून घेतलेला होता. सकाळी अंथरुणाशेजारी काढलेल्या पन्नास सिट-अप्सना त्याचा आधार देता येणार नाही.

आता थोडे गणित. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरींचा साठा. साठ किलो वजनाच्या माणसाने दहा मिनिटे सिट-अप्स काढल्या तर फार तर चाळीस-पन्नास कॅलरी खर्ची पडतात. रोज नेमाने केले आणि आहारात घासाचाही फरक पडू दिला नाही, तरी किलोभर चरबी जाण्यास पाच-सहा महिने लागतील, आणि तीही सर्वांगातून मिळून. उलट कॉलेजच्या फाटकाबाहेरचा एक वडापाव दोन-चार मिनिटांत अडीचशे-तीनशे कॅलरी पोटात टाकतो. पोटाचे स्नायू आकाराने लहान, त्यामुळे त्यांची भूकही लहान. मांड्या, नितंब, पाठ यांचे मोठे स्नायू चालतात तेव्हा इंधन खऱ्या अर्थाने जळते. पाऊण तास झपाझप चालण्यात त्याच माणसाच्या दोनशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. (जळालेली चरबी जाते कोठे, असे कोणी विचारील. बहुतेक श्वासावाटे जाते! दहा किलो चरबी जळाली तर त्यातील 8.4 किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने फुप्फुसांतून बाहेर पडते, उरलेल्याचे पाणी होते. घाम गाळणारे पट्टे कमरेला बांधून जे वजन उतरते ते निव्वळ पाण्याचे. तांब्याभर पाणी प्यायले की परत.)

हा सगळा प्रश्न केवळ आरशापुरता असता तर त्यावर इतकी पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पोटावरची चरबी दोन प्रकारची असते. एक त्वचेखालची, चिमटीत धरता येणारी. दुसरी स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतडी आणि यकृताच्या सभोवार साठलेली. ती चिमटीत येत नाही. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी अधिक निकटचे नाते आहे ते या आतल्या चरबीचे. जपानच्या सुमो मल्लांची पोटे केवढी असतात, पण ते सराव करीत असतात तोवर त्यांची बरीचशी चरबी त्वचेखालीच असते, आत तुलनेने कमी. आपली गोष्ट नेमकी उलट आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच आकडेवारी प्रसिद्ध केली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3, म्हणजे दोघेही त्या मापाने सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकेही तपासली. त्यांचे सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टन येथील बालकांचे 3.5 किलो. आपली बाळे स्नायूंत आणि एकंदर अंगात लहान, पण चरबीत मात्र त्या मानाने फारशी उणी नव्हती. म्हणजे हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, हा जो देह आपल्या वर्गावर्गात दिसतो आणि ज्याची आपण थट्टा करतो, त्याची मुळे जन्माआधीपर्यंत जातात. असा मुलगा वजनकाट्यावर 'बारीक' ठरतो, पोटाला चार पट्ट्या उमटाव्यात म्हणून सिट-अप्स काढतो, आणि आतला साठा तसाच राहतो.

मग पोटाचे व्यायाम सोडून द्यावेत काय? मुळीच नाही. पोटाची भिंत बळकट असली की पाठीच्या कण्याला आधार मिळतो, उभे राहण्याची ढब सुधारते. सैल पडलेले स्नायू आवळले गेल्याने पोट थोडे आत दिसते, आणि व्यायामाने चरबी गेली हा भ्रम पुष्कळदा येथूनच जन्माला येतो. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब कसा बदलतो हे त्यांनी उपकरण लावून मोजले होते. पोटाच्या क्रियांचा अभ्यास कसा करावा याचा तो नमुनाच आहे. ज्याचे जे काम ते त्याच्याकडून घ्यावे एवढेच.

आतली चरबी चालणे, धावणे, पोहणे, सायकल यांना बरीच दाद देते. कित्येकदा वजनाचा काटा फारसा हलला नाही तरी ती कमी होते. दमाने, सलग घातलेले सूर्यनमस्कार याच जातीचे, कारण त्यांत सर्वांग राबते. जोडीला जोर-बैठका असाव्यात, कारण आपल्या देहात उणे आहेत ते स्नायू. आणि ताटात तेल, साखर, मैदा कमी. तालमीतले कित्येक गडी कुस्ती सोडल्यावर खुराक मात्र सोडत नाहीत. त्यांची पुढे काय गत होते ते गावोगाव दिसतेच.

घरच्या घरी परीक्षा करावयाची तर शिंप्याची टेप पुरे. बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, साधा श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता टेप लावावी. आपल्या लोकांसाठी पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांना 80 ही मर्यादा वैद्यकशास्त्राने आखली आहे. त्यापुढे माप गेले असेल, तर वजन कितीही कमी असो, एकदा रक्तातील साखर तपासून घ्यावी.