लक्ष्यवाक्याचा अर्थ : एका ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबचे उदाहरण

एखादी संस्था दहा वर्षांनंतरचे यश आकड्यांत जाहीर करते, तेव्हा ती नेमके काय करीत असते? भविष्य वर्तविते, वचन देते, की केवळ इच्छा प्रकट करते? हा प्रश्न वरकरणी व्यवस्थापनशास्त्राचा वाटला, तरी मूलतः तो अर्थविचाराचा आहे. अशा वाक्यांना येथे ‘लक्ष्यवाक्ये’ असे म्हटले आहे. त्यांच्या परीक्षणासाठी मेलबर्न येथील रिचमंड फुटबॉल क्लबचे उदाहरण विशेष उपयोगी पडते; कारण तेथे लक्ष्य जाहीर झाले, त्याची थट्टा झाली, त्यातील काही भाग फसला आणि जो भाग सर्वांत अशक्य वाटत होता तोच खरा ठरला.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा मेलबर्नमध्ये उदय पावलेला स्वतंत्र खेळ असून त्याचे पहिले लेखी नियम १८५९ मधील आहेत. लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येक बाजूस १८ खेळाडू असतात. २०१२ पासून प्रमुख स्पर्धेत १८ क्लब खेळतात. २०२५ पर्यंत साखळी सामन्यांनंतर पहिले आठ क्लब अंतिम मालिकेत जात आणि त्यांतून एकाला अजिंक्यपद मिळे. या स्पर्धेची रचना समतेसाठी मुद्दाम केलेली आहे. खेळाडूंच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे, आणि वार्षिक ‘ड्राफ्ट’मध्ये नवोदित खेळाडू निवडण्याचा पहिला हक्क सामान्यतः तळाच्या क्लबला मिळतो. त्यामुळे तळाच्या क्लबला आशा बाळगण्यास आधार मिळतो. परंतु वर चढलेल्या क्लबला तेथे टिकणे त्याच नियमांमुळे कठीण होते. वारंवार अजिंक्यपद मिळविण्याचे लक्ष्य म्हणजे, एका अर्थी, ही रचना आपल्यापुरती निष्प्रभ ठरावी अशी अपेक्षा होय.

रिचमंडने यापूर्वीचे अजिंक्यपद १९८० मध्ये मिळविले होते. २००१ नंतर तो अंतिम मालिकेतही पोचला नव्हता. २००९ मध्ये १६ क्लबांत तो पंधरावा आला. अशा स्थितीत २०१० मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी ब्रेंडन गेल यांच्या नेतृत्वाखाली क्लबने आपली योजना मांडली. पाच वर्षांत तीन अंतिम मालिका, शून्य कर्ज आणि ७५,००० सभासद हा तिचा पहिला टप्पा होता. आणि २०२० पर्यंत तीन अजिंक्यपदे हे दूरचे लक्ष्य होते. त्याच वर्षी नवे प्रशिक्षक डेमियन हार्डविक यांच्या संघाने पहिले नऊ सामने ओळीने गमावले. योजनेची थट्टा झाली यात नवल नाही.

या योजनेचे भाषिक वैशिष्ट्य असे, की तिचे सूत्र ‘तीन, शून्य, पंचाहत्तर’ एवढ्या आकड्यांचेच होते. ‘२०२० पर्यंत तीन अजिंक्यपदे’ या शब्दसमूहातही क्रियापद नाही. मराठीत क्रियापद घालू गेल्यास निवड करावीच लागते. ‘क्लब तीन अजिंक्यपदे जिंकील’ हे भाकीत होय. ‘आम्ही तीन अजिंक्यपदे जिंकू’ यात आख्यात तेच, ईलाख्यात, आहे. परंतु प्रथम पुरुष येताच भाकिताचे वचन होते. ‘आम्ही तीन अजिंक्यपदे जिंकावीत’ या वाख्यातात इच्छा किंवा कर्तव्य व्यक्त होते. क्रियापद गाळल्याने ही निवड ऐकणाऱ्यावर पडते. संचालक ‘जिंकावीत’ असे मनात धरतो, वर्गणी भरणारा सभासद ‘जिंकू’ असे ऐकतो, आणि टीकाकार ‘जिंकणार म्हणे’ असे म्हणतो. त्या ‘म्हणे’मध्ये विधानाची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवून स्वतःचा अविश्वासही सुचविलेला असतो. वाद पुष्कळदा लक्ष्याविषयी नसून या अध्याहृत क्रियापदाविषयी असतो.

हाच भेद तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी १९५७ मध्ये एका साध्या दृष्टान्ताने स्पष्ट केला होता. एक गृहस्थ यादी घेऊन बाजारात जातो आणि त्याच्या मागावर असलेला गुप्तहेर त्याने घेतलेल्या वस्तू टिपून ठेवतो. दोन्ही याद्या शब्दशः सारख्या असू शकतात. परंतु यादी आणि वस्तू यांत विसंगती आढळल्यास गुप्तहेराची चूक टिपणातली असते, गृहस्थाची चूक कृतीतली. लक्ष्य हे गृहस्थाच्या यादीसारखे असते, भाकीत गुप्तहेराच्या टिपणासारखे. मात्र यादीतील वस्तू बाजारात विकत मिळत असली पाहिजे, ही अट या दृष्टान्तात गृहीत आहे. कर्ज फेडणे बव्हंशी क्लबच्या हाती असते; अजिंक्यपद मात्र इतर सतरा क्लबांनाही हवे असते.

येथे थोडे गणित उद्बोधक ठरेल. अठरा क्लबांना समान संधी आहे असे मानल्यास दहा हंगामांत एका क्लबने किमान तीन अजिंक्यपदे मिळविण्याची संभाव्यता शेकडा दीडच्या आसपास येते. तळापासून आरंभ करणाऱ्या क्लबला प्रथम समान संधीपर्यंत पोचावयाचे असते. त्याचे प्रमाण याहून कमीच धरावे लागेल.

प्रत्यक्षात काय घडले? २०१४ पर्यंत रिचमंड तीनऐवजी दोनच अंतिम मालिकांत खेळला, आणि सभासदसंख्या ७५,००० झाली नाही. २०१३, २०१४ आणि २०१५ या तिन्ही वर्षी अंतिम मालिकेतील पहिल्याच सामन्यात त्याचा पराभव झाला. २०१६ मध्ये तो तेराव्या स्थानी घसरला आणि एका गटाने संचालक मंडळ उलथविण्याचा प्रयत्न केला. लक्ष्यवाक्याचा अर्थ हा केवळ पंडिती प्रश्न नाही, हे येथे दिसून येते. ते वचन मानले, तर वचनभंग झाला होता आणि प्रशिक्षकाला काढणे न्याय्य होते. दिशा मानली, तर कामाची तपासणी करून धीर धरणे योग्य होते. क्लबने दुसरा अर्थ स्वीकारला व हार्डविक यांना कायम ठेवले. २०१७ मध्ये ३७ वर्षांनी अजिंक्यपद आले. २०१९ व २०२० मध्ये पुन्हा आले. सभासदसंख्या २०१८ मध्ये एक लाखावर गेली.

यावरून मूळ लक्ष्य वास्तव होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. या तिन्ही अजिंक्यपदांच्या निर्णायक सामन्यांत सर्वोत्कृष्ट ठरलेला डस्टिन मार्टिन २००९ च्या ड्राफ्टमधील तिसरी निवड होता. पहिल्या दोन निवडी मेलबर्न फुटबॉल क्लबच्या होत्या. त्यांपैकी टॉम स्कली दोन हंगामांनंतर क्लब सोडून गेला, तर जॅक ट्रेंगोव्हला पायाच्या दुखापतीने गाठले. तो क्लबही पुनर्बांधणीच करीत होता. पण २००७ ते २०१७ या काळात त्याला अंतिम मालिका दिसली नाही, आणि अजिंक्यपद २०२१ मध्ये, ५७ वर्षांनी मिळाले. सोडत लागली म्हणून तिकीट घेण्याचा निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. तसेच फळ मिळाले म्हणून लक्ष्याची वास्तवता सिद्ध होत नाही.

सारांश, दीर्घकालीन लक्ष्याचे मूल्यमापन अखेरच्या फळावरून करता येत नाही. ते त्याच्या वाक्यरचनेपासूनच करावे लागते. स्वाधीन गोष्टी प्रथम पुरुषात, मुदतीसह, वचन म्हणून सांगाव्यात : कर्ज, प्रशिक्षण, खेळाडूंची निवड व जोपासना. पराधीन गोष्टी ‘व्हावे’ या वाख्यातातच ठेवाव्यात. असे केल्याने घोषणा फिकी होईल हे खरे. परंतु एखाद्या हंगामात संघ हरला असता कोणाला कशाचा जाब विचारावयाचा, हे सभासदाला कळेल. ही निकड संपलेली नाही. २०२४ मध्ये हाच रिचमंड क्लब केवळ दोन सामने जिंकून अठरावा आला आणि पुनर्बांधणीचा प्रश्न त्याच्यापुढे पुन्हा उभा राहिला.